दारात बर्मा

नारायणरावांच्या हातात माईक दिला की तो परत घ्यायला माणूस लागतो, हे सांगलीच्या लाकूडवाल्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी यंदाच्या स्नेहसंमेलनात त्यांनाच बोलायला उभं केलं, कारण विषयच असा होता की दुसरं कोणी त्याच्या वाटेला गेलं नसतं. ब्रह्मदेश आणि घाना या दोन देशांच्या लाकडाच्या व्यापाराची तुलना, तीही इंग्रजांच्या काळापासून आजपर्यंत. व्याख्यानानंतर जेवण होतं आणि जेवणात बासुंदी होती, म्हणून लोक बसून राहिले.

पण बोलले मात्र झकास. आधी त्यांनी ब्रह्मदेश घेतला. तिथं सागाचं झाड एकदम पाडत नसत. बुंध्याभोवती खोल खाच घेऊन ते उभ्या उभ्या वाळू देत, दोन-तीन वर्षांनी तोडत, हत्तीकडून ओढ्यापर्यंत ओढून आणत आणि पुराच्या पाण्यावर सोडून देत. ओंडका तरंगत तरंगत रंगूनला पोचायचा आणि तिथून जहाजानं मुंबईला. मग लढाई आली, जपानी आले, व्यापार बसला. पुढं तो देश स्वतंत्र झाला, सरकारनं जंगल आपल्या हातात घेतलं, तरी ओंडके येत राहिले आणि ते घेण्यात आपण सगळ्यांच्या पुढं राहिलो. शेवटी दोन हजार चौदा साली त्यांनी न कापलेलं गोल लाकूड देशाबाहेर धाडायला बंदी घातली आणि ते दार लागलं.

घानाची गोष्ट उलटी. तिथं साग मूळचा नाहीच, कोणीतरी नेऊन लावलेला. त्यांच्या रानातलं कठीण लाकूड, महोगनी वगैरे, जायचं युरोपला. रान विरळ झालं तसा त्यांनीही रानातल्या ओंडक्यांना आवर घातला आणि लावलेल्या सागाला गिऱ्हाईक शोधलं. ते गिऱ्हाईक म्हणजे आपण. नारायणरावांनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. एक वरून खाली येणारी, एक खालून वर चढणारी.

"ह्या रेषा एकमेकींना जिथं छेदतात ना मंडळी, तिथं आपल्या सगळ्यांच्या वखारी उभ्या आहेत," ते म्हणाले. "गेल्या कित्येक वर्षांत बर्माचा नवा ओंडका मी सांगलीत बघितलेला नाही. आणि तरी सांगलीत बर्मा रोज विकला जातो! गिऱ्हाईक बर्मा मागतं, आपण बर्मा देतो, आणि लाकूड असतं घानाचं. बर्मा हा आता देश राहिला नाही, विशेषण झालंय. चांगलं ते बर्मा!"

हशा झाला, टाळ्या पडल्या, एकदोघांनी बाकावर हात आपटले. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं. कोल्हापुरी चप्पल काय सगळी कोल्हापुरातच शिवली जाते? नारायणरावांच्या वखारीत घानाचा माल उतरला की त्यातलं सरळ रेषेचं, भरल्या गाभ्याचं, पांढरी कड नसलेलं लाकूड बाजूला निघायचं आणि त्यावर खडूनं 'ब' लिहिलं जायचं. ब म्हणजे बर्मा, म्हणजे एक नंबर. वडिलांच्या वेळी तो 'ब' खरा होता. पुढं लाकूड बदललं, अक्षर तेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणराव कालच्या टाळ्या आठवत चहा घेत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"मालक, मी नानासो. म्हसवडकडचा. चौकट न्हेली न्हवं का तुमच्याकडनं, त्यो."

नारायणरावांना लगेच आठवलं. कारण लाकूड असं हाताळणारं गिऱ्हाईक विरळाच. नानासोचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं. याच्या हयातीत पाणी आलं, चार एकरांत डाळिंब लागलं आणि आता वाडीवर पक्कं घर बांधायला काढलं होतं. वखारीत येऊन तो प्रत्येक फळीवरून असा हात फिरवत होता, जसा मेंढीच्या पाठीवरून फिरवावा. आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, मालक, बर्माच पायजे. नारायणरावांनीही छातीठोकपणे सांगितलं होतं, बर्माच देतो.

"उद्या सकाळी चौकट बसतीया," नानासो म्हणाला. "तुमी यायलाच पायजे. वयनीस्नी बी आना."

"येतो की! का नाही येणार?"

"आन मालक, तुमचं उपकार हायेत बगा. आवं, माझ्या आयचा बा बर्माच्या लढाईत हुता. खेचरं हाकायला न्हेलं हुतं त्येला पल्टनीनं. पाय मोडून घेऊन आला तिकडनं. म्हणून तर तुमास्नी म्हणत हुतो, बर्माच पायजे. परवा चौकट आली, तवा आयला सांगितलं, तुझा बा लढला त्या मुलखाचं लाकूड हाय म्हणून. तवापासनं गप हाय बगा ती. घास जाईना तिला. लय ऊर भरून आलाय."

 काल माईकवर तासभर चाललेली नारायणरावांची जीभ आता टाळूला चिकटली. ते नुसतं "हं" म्हणाले, मग आणखी एकदा "हं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय झालं?" पद्माताईंनी विचारलं. नवरा फोनवर दोनदा 'हं' म्हणून थांबला, म्हणजे काहीतरी मोठं झालंय, हे त्यांनी इतक्या वर्षांच्या संसारावरून ओळखलं.

नारायणरावांनी सगळं सांगितलं. पद्माताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तसं तुमचं लोकां सांगे ब्रह्मदेश झालं की हो! अख्ख्या सांगलीला फरक समजावून सांगितलात आणि स्वतः तिथंच घसरलात."

"अगं, पण मी खोटं कुठं बोललो? धंद्यात सगळेच..."

"त्या माणसाला तुमच्या धंद्याचं काय माहीत? त्यानं देश मागितला, तुम्ही विशेषण दिलंत."

हे इतकं नेमकं होतं की नारायणराव उठून गॅलरीत गेले. त्यांना राहून राहून डोळ्यांपुढं ती म्हातारी दिसत होती, कधी न पाहिलेली. बापाच्या आठवणीनं जिला घास जात नाही, तिच्या दारात आपण दुसऱ्याच खंडातलं लाकूड उभं करणार आणि ती त्याला हळद-कुंकू लावणार. गप्प राहिलो तर कोणाला कळणार नाही, हेही खरं होतं. लाकडाला काय तोंड असतं? म्हातारी सुखात राहील, नानासो सुखात राहील. फक्त आपण जन्मभर म्हसवडचं नाव निघालं की मान खाली घालू. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. एकदा तरी विचारायचं होतं, बाबा, तुला बर्मा कशाला हवाय?

"उद्या जाऊ आणि सांगून टाकू," आत येत ते म्हणाले. "चौकट उभी राहायच्या आत. एकदा पूजा झाली की मग ती काढता येत नाही."

"आणि सांगितल्यावर? त्यांनी काय करायचं?"

 नारायणराव वखारीत गेले, दिवसभर आरा चालू असताना कानाला काही ऐकू आलं नाही, आणि दुपारी ऑफिसात लक्ष्मीच्या तसबिरीला नमस्कार करताना त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले. तसबीर ज्या फळीवर उभी होती ती फळी वडिलांनी राखून ठेवलेली. शेवटच्या शेवटच्या बर्माच्या ओंडक्यातली, मधासारख्या रंगाची, एका टोकाला तिकडच्या जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का असलेली. वडील म्हणायचे, ही विकायची नाही, ही दाखवायची. नारायणरावांनी लक्ष्मीची क्षमा मागितली, तसबीर खुर्चीवर ठेवली आणि स्क्रू काढायला घेतले. चौकटीच्या माथ्यावर जी गणेशपट्टी बसते, तेवढी ही फळी सहज भरत होती. सगळी चौकट नाही, पण माथा तरी बर्माचा होईल. म्हातारीला तेवढं तरी खरं मिळेल.

सकाळी फळी जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवी घातली आणि नवरा-बायको निघाले. तासगाव गेलं, भिवघाट मागे पडला. नारायणराव गाडी चालवता चालवता काय बोलायचं त्याची तालीम करत होते.

"आजी, व्यापारात काही संज्ञा रूढ होतात..."

"संज्ञा नको," पद्माताई म्हणाल्या.

"बरं. आजी, एक गैरसमज झाला."

"गैरसमज झाला नाही. तुमची चूक झाली."

"मग तूच बोल ना!"

"टाळ्या तुम्ही घेतल्यात, टोलेही तुम्हीच घ्या."

आटपाडी, दिघंची करत ते माणच्या माळावर आले. वाडी रस्त्याला लागूनच होती. घर अजून जोत्यावरच होतं. भिंती उठल्या होत्या त्या गुडघ्याएवढ्या. पुढच्या अंगणात लिंबाखाली सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर चौकट आडवी ठेवलेली, तिला झेंडूची माळ आणि आंब्याचा टहाळा. सुतारमिस्त्री नवी टोपी घालून तयार. वाडीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन बसलेल्या. आणि नानासो चौकटीपाशी उभा राहून येईल त्याला खालच्या टोकाचं खडूचं अक्षर दाखवत होता. "ह्यो बगा ब. बर्माचा ब."

नारायणरावांना ते अक्षर पुसून टाकावंसं वाटलं. त्यांनी नानासोचा हात धरला आणि त्याला गाडीच्या पलीकडं नेलं. सगळी तालीम वाऱ्यावर गेली.

"नानासो, हे लाकूड बर्माचं नाही."

नानासो हसला. त्याला वाटलं, मालक थट्टा करतायत.

"खरंच नाही. घानाचं आहे. आफ्रिकेतला देश तो. लाकूड एक नंबर आहे, त्यात खोट नाही. पण आम्ही वखारवाले चांगल्या सागवानाला बर्माच म्हणतो. खऱ्या बर्माचा ओंडका आता येतच नाही इकडं. तुम्ही देश मागत होता आणि मला वाटलं, चांगला माल मागताय. चुकलं माझं."

नानासोच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "मालक, माडग्याळी मेंढी म्हणून मी तुमच्या दावणीला गावरान बांधली आस्ती, तर तुमी काय म्हणला आस्ता?"

माडग्याळी मेंढी म्हणजे त्या भागातली नावाजलेली जात. तिच्या नावावर दुसरी खपवणाऱ्याला त्या माळावर पुन्हा कोणी उभं करत नाही. नारायणरावांना हे माहीत होतं. 

"मला न्हाई वो त्येचं," नानासो म्हणाला. "मला काय, दार दणकट आसलं म्हंजी झालं. पर आयला आता काय सांगू? तीन रोज झालं, ती बाच्या आठवणीनं बसून हाय."

"मी सांगतो. आणि रिकाम्या हातानं आलेलो नाही." नारायणरावांनी मागचं दार उघडून चादर सोडली. "ही बघा. ही खरीखुरी बर्माची. माझ्या वडिलांच्या वेळची. आमच्या वखारीत लक्ष्मीखाली होती. ही गणेशपट्टी म्हणून वर बसवू."

नानासोनं फळीवरून हात फिरवला. त्याचा राग गेला असं नाही, पण हात मऊ झाला. "चला," तो म्हणाला.

म्हातारी अंगणात नव्हती. मेंढरांच्या कुंपणापाशी दगडावर एकटीच बसली होती. भामाबाई. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकवासारखं गोंदण, हातात काठी. सगळी वाडी तिच्या दारात जमलेली आणि ही पाठ करून मेंढरांकडे बघत बसलेली. 

"आय, सांगलीचं मालक आल्यात. त्यास्नी तुला काय तरी सांगायचं हाय."

नारायणराव तिच्यापुढं चक्क मातीत बसले. पद्माताई मागं उभ्या राहिल्या. नारायणरावांनी एका दमात सांगितलं, संज्ञा न वापरता. लाकूड बर्माचं नाही, मी बर्माचं म्हणून दिलं, तुमच्या वडिलांचं मला माहीत नव्हतं, माफ करा.

भामाबाईनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. "म्हंजी ही चौकट बर्माची न्हाई?"

"नाही, आजी."

"नक्की न्हाई?"

"नक्की नाही."

"बिरोबाची आन घेता?"

"घेतो. बिरोबाची शपथ, ही बर्माची नाही."

भामाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. नारायणरावांनी डोळे मिटले. नानासो खाली वाकला. "आय, रडू नगं गं. आजच्या दिसाला..."

"आरं कोन रडतंय मुडद्या!" पदराआडून आवाज आला. म्हातारी हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतनं पाणी आलं, पद्माताईंनी पुढं होऊन तिच्या पाठीवर हात फिरवला. "सुटले बाई! सुटले! तीन रोज माज्या जिवाला घोर लागला हुता. म्हणलं, पोरगं येवढ्या हौशीनं करतंय, त्येला कसं सांगू? आन दारात तर बर्मा येऊन उभा ऱ्हायला!"

"म्हंजी?" नानासो म्हणाला.

"आरं, तुला कुटलं ठावं? माज्या म्हायेरचं बोलनं त्ये. तुजा आजा बर्मातनं आला त्यो मोडका पाय आन हिवताप घेऊन. पाऊसकाळ लागला की त्येला हुडहुडी भरायची. चार-चार घोंगडी टाकायची तरी दात वाजायचं. मग आमची आय म्हणायची, पोरींनू, चूल पेटवा, बर्मा आला. आमच्या घरात बर्मा म्हंजी मुलूख न्हाई रं, बर्मा म्हंजी ताप! धाकल्या भावाला आला, आमी म्हणलं, त्येला बी बर्मा आला. त्यो भाऊ गेला त्यातच. आन तू परवा चौकट उतरवलीस आन दारात नाचत म्हणलास, आय, बर्मा आला गं, बर्मा आला!"

नानासोनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं, मग बोलायचं न्हाईस व्हय?"

"काय बोलू? सारी वाडी म्हणतीया बर्मा लय भारी. त्या 'ब'चा मुका घ्यायचा बाकी ठेवला हुतास तू. म्हणलं, म्हातारीचं काय, बोलली तर पोराचा इरस व्हनार."

नारायणरावांचा जीव भांड्यात पडला. इतका की त्यांना एकदम खूप भूक लागल्याचं जाणवलं; कालपासून त्यांनीही धड खाल्लं नव्हतं. आपल्या चुकीनं कोणाचं भलं झाल्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता आणि त्यावर काय चेहरा करावा हे त्यांना कळेना. ते नुसते मातीत बसून राहिले आणि हसू लागले.

भामाबाईचं लक्ष आता नानासोच्या हातातल्या फळीकडं गेलं. "आन ह्ये काय आनलंय?"

नानासो आणि नारायणराव एकमेकांकडं बघायला लागले.

"ही, आय... ही खरी बर्माची हाय. मालकांनी देवाखालची काढून आनलीया. वर बसवायला."

म्हातारी दगडावरच जरा मागं सरकली. "मालक, राग मानू नगा. लय चांगली फळी हाय. पर तुमच्या देवाखाली हुती, तितंच ती ग्वाड. गाडीत ठिवा परत. आन चादरीत गुंडाळून ठिवा."

पद्माताईंना हसू आवरेना. त्यांनी स्वतःच फळी घेतली आणि गाडीकडं निघाल्या. "कालपासून सांगतेय, आधी विचारा," जाता जाता त्या म्हणाल्या, जे पूर्णपणे खरं नव्हतं.

भामाबाई काठी टेकून उठली. तीन दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला होता. नारायणरावही धूळ झटकत उठले.

"मग ह्ये लाकूड कुटलं म्हणलासा?"

"घाना. आफ्रिकेतला देश आहे, आजी. पश्चिमेच्या अंगाला, समुद्राकाठी."

"आफ्रिका?" म्हातारी चालता चालता थांबली. "म्हंजी ती काळी मानसं? डोक्यावर वजं घेऊन चालत्यात ती?"

"हो. पण तुम्हाला कसं..."

"बा सांगायचा की." ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "तितं बर्मात चिखल लय. बाची खेचरं चिखलात रुतून मेली. मग वजं न्ह्यायचं कसं? तर आफ्रिकेची एक पल्टन हुती म्हनं. समदं डोक्यावर. पेट्या डोक्यावर, दारूगोळा डोक्यावर, आन चालायची अशी का हात बी लावायची न्हाईत. बाचा पाय मोडला तवा त्यांच्यातल्याच एका गड्यानं त्येला पाठुंगळी मारला. वढा वलांडून, डोंगूर उतरून दवाखान्यापातूर आनला. बाला त्येची भाषा येत न्हाई, त्येला बाची येत न्हाई. वाटंनं त्यो गडी गानं म्हणायचा आन बा कण्हायचा. दवाखान्यात ठिवला आन गेला निघून. बा मरस्तवर म्हणायचा, भामा, म्या त्येचं नाव इचारलं न्हाई गं. पानी पाजलं त्येनं, पाठीवर घेतलं, आन म्या नाव बी इचारलं न्हाई."

 कुंपणात एक कोकरू ओरडत होतं.

"मालक," नानासो हळूच म्हणाला, "त्यो गडी त्या घानाचाच आसंल का वो?"

परवाच्या सभेत हा प्रश्न कोणी विचारला असता तर नारायणरावांनी अर्धा तास घेतला असता. पण आता त्यांना बर्मा म्हणून दिलेल्या शब्दाची धास्ती बसली होती. त्यांनी नीट विचार केला आणि मगच तोंड उघडलं.

"घानाची माणसं त्या लढाईत ब्रह्मदेशात होती, हे मी वाचलंय. तेव्हा त्या देशाचं नाव वेगळं होतं. पण आफ्रिकेतल्या आणखी देशांचीही होती. तो गडी घानाचाच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आता तरी नाही."

भामाबाईनं मान हलवली. तिला त्यांचं उत्तर आवडलेलं दिसलं. "आसू द्या. आफ्रिकेची बाजू तरी तीच न्हवं?"

"बाजू तीच."

"मग झालं की."

मुहूर्त टळत चालला होता, मिस्त्री हाका मारत होता. फळी ठेवून परतलेल्या पद्माताईंसह चौघे अंगणात आले. नानासोनं जमलेल्या लोकांसमोर मोठ्यानं सांगून टाकलं की चौकट बर्माची न्हाई, घानाची हाय. एवढंच सांगून तो थांबला. क्षणभर कुजबुज झाली. मग एक जाणता म्हातारा पटका सावरत म्हणाला, "घाना म्हंजी बर्माच्या वरचं आसतंय. लय म्हाग. सांगलीत सुदिक मिळत न्हाई सहज." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी लगेच म्हणालं, पुढच्या साली आमच्या दाराला बी घानाच घालायचा.

नारायणरावांनी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तेवढ्यात पद्माताईंनी त्यांचा दंड धरला. "एका दिवसाला एकच खरं पुरे," त्या कानात म्हणाल्या.

मिस्त्रीनं पाण्यानं खडूचा 'ब' पुसला. चार गड्यांनी चौकट उचलली, जोत्यावर आणली, उभी केली. ओळंबा लावला, खाली दगड सरकवले, पुन्हा ओळंबा लावला. गुडघ्याएवढ्या भिंतींच्या मधोमध ती एकटीच उंच उभी राहिली आणि तिच्यातनं पलीकडचं डाळिंब आणि मोकळा माळ दिसायला लागला. बायकांनी भामाबाईच्या हातात ताट दिलं.

म्हातारी पुढं झाली. तिनं उंबरठ्याला हळद-कुंकू लावलं, दोन्ही बाजूंच्या उभ्या लाकडांना लावलं. माथ्यापर्यंत तिचा हात पोचेना, तेव्हा नानासोनं तिला कमरेत धरून उचललं. बसलेल्या बायका हसल्या, तीही हसली. मग खाली उतरून तिनं ताट बाजूला दिलं आणि लाकडावर सबंध तळवा ठेवला, जसा उन्हातनं आलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा.

"लय लांबनं आलास रं गड्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं आणि ते कधीही फुटेल असं वाटत होतं. "बा नाव इचारायचा ऱ्हायला. आता कळलं, घाना. माज्या बाला पाठीवर घेतलास. आता ह्ये घर बी डोक्यावर घे. सवय हाय तुला."

नारायणरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. नानासो दुसरीकडं बघून उगाच मिस्त्रीला काहीतरी सांगत होता.

भिंती एवढ्या ठेंगण्या होत्या की कोणीही कुठूनही घरात गेलं असतं. पोरं तर कधीचीच उड्या मारून आत खेळत होती. भामाबाईनं मात्र पदर डोक्यावर घेतला, चप्पल बाहेर काढली आणि उंबरठ्याला पाय लागू न देता दारातनं आत गेली.